‘तिथले’ दुखणे आणि त्याचा इलाज

मी शाळेत उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवते. दोन भाषांत वावरणाऱ्याला शब्दांची श्रीमंती दिसते, तशी गरिबीही दिसते. बाईच्या कमरेखालच्या भागाविषयी बोलायची वेळ आली की दोन्ही भाषा एकदम गरीब होतात. मराठीत आपण ‘खाली’, ‘तिथे’, ‘पिशवी’ म्हणतो. उर्दूत ‘नीचे’, ‘बच्चादानी’ आणि जरा शुद्ध बोलायचे तर ‘शर्मगाह’, म्हणजे शरमेची जागा. ज्या अवयवाचे नावच शरमेवरून पडले, त्याची तक्रार घेऊन बाई डॉक्टरांपुढे बसणार तरी कशी? बसली तरी ‘कमजोरी वाटते’ एवढेच सांगून टॉनिकची बाटली घेऊन परत येते.

ज्या दुखण्याविषयी मी लिहिते आहे ते अनेक घरांत आहे. खोकला आला, शिंक आली, हसू आले, पाण्याची बादली उचलली की थोडी लघवी निसटते. काहींना लघवीची घाई इतकी होते की मोरीपर्यंत पोहोचायच्या आत कपडे ओले होतात. काहींना संध्याकाळी खाली जडपणा जाणवतो, काहीतरी उतरून आल्यासारखे वाटते. त्याला आपल्याकडे ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात. काही जणींना याच्या उलट त्रास असतो. तिथले स्नायू इतके आवळलेले असतात की पतीजवळ जाताना असह्य वेदना होतात आणि हे त्या कोणालाच सांगू शकत नाहीत. या सगळ्यांवर फिजिओथेरपी आहे, तिला पेल्विक फ्लोअर फिजिओथेरपी म्हणतात, आणि ती कित्येकींच्या उपयोगी पडते. ही गोष्ट आपल्या बायकांपर्यंत पोहोचलेली नाही, आणि ती पोहोचवणे मला शिक्षिका म्हणून माझे काम वाटते.

मुसलमान बाईसाठी लघवी निसटण्याचा प्रश्न फक्त आरोग्याचा राहत नाही. आमच्याकडे नमाजेपूर्वी वजू करावी लागते, म्हणजे ठराविक रीतीने हात, तोंड, पाय धुणे. लघवीचा थेंब आला की वजू तुटते आणि कपडाही पाक राहत नाही. रुकूत वाकताना, सजद्यातून उठताना पोटावर दाब येतो आणि नेमका तेव्हाच थेंब निसटतो. मग पुन्हा कपडे बदला, पुन्हा वजू करा. दिवसातून पाच वेळा हे होऊ लागले की बाई थकते. आधी ती जमातीत किंवा पाहुण्यांकडे नमाज पढायचे टाळते, मग कुराणच्या वर्गाला जायचे सोडते, मग लग्नकार्याला जायचे. उमऱ्याला जायचे पैसे साठलेले असतात, पण ‘तिथे एवढ्या गर्दीत माझे कसे होणार’ म्हणून ती पुढच्या वर्षावर ढकलते.

माझ्या ओळखीच्या एक शिक्षिका बरीच वर्षे खुर्चीवर बसून नमाज पढत. सगळ्यांना वाटे, गुडघे गेले असतील. कोणी तेल सुचवी, कोणी हाडांच्या डॉक्टरचा पत्ता देई. त्यांचे गुडघे ठणठणीत होते. सजद्यात गेले की लघवी निसटते, हे त्यांनी आपल्या बहिणीलाही सांगितले नव्हते. तीन बाळंतपणांनंतर हे असेच असते, अशी त्यांची समजूत होती आणि ती समजूत त्यांच्या सासूने करून दिली होती. सासूला तिच्या सासूने. अशा समजुती आपण दागिन्यांसारख्या पिढ्यान्‌पिढ्या जपून पुढे देत आलो आहोत.

हा त्रास पुष्कळ जणींना असतो हे खरे. पण पुष्कळांना असतो म्हणून तो सोसायचाच असतो, असे थोडेच आहे? दात पुष्कळांचे किडतात, तरी आपण दातांच्या डॉक्टरकडे जातोच.

शरीरात नेमके काय होते ते आधी समजून घेऊ. कमरेच्या हाडांचा जो घेर आहे, त्याच्या तळाशी स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. पुढे जांघेच्या मधल्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत. या झोळीवर मूत्राशय, गर्भाशय आणि मोठ्या आतड्याचे शेवटचे टोक विसावलेले असते. लघवीची, योनीची आणि शौचाची अशा तिन्ही वाटा याच झोळीतून जातात. ती वेळेवर आवळली जाते म्हणून आपल्याला लघवी धरून ठेवता येते, आणि ती सैल पडते म्हणून सोडता येते. गरोदरपणात नऊ महिने तिच्यावर ओझे असते. नैसर्गिक बाळंतपणात ती खूप ताणली जाते, कधी फाटते, टाके पडतात. सिझेरियन झालेल्या बाईलाही हा त्रास होऊ शकतो, कारण ओझे तिनेही वाहिलेले असते. जुना खोकला, वर्षानुवर्षांचे बद्धकोष्ठ, वाढलेले वजन, जड उचलणे आणि पाळी गेल्यानंतरचे बदल यांचीही भर पडते. ही झोळी पुरुषांनाही असते. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर ज्यांना लघवी धरता येत नाही, त्या पुरुषांनाही हेच व्यायाम शिकवतात. म्हणून भावांनीही हा लेख इथेच सोडू नये.

दंडाचा स्नायू व्यायामाने बळकट होतो, तसा हाही होतो. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये या स्नायूंच्या व्यायामावर लेख लिहिला आणि त्यांचे नावच त्या व्यायामाला पडले. नंतर जगभरात त्याच्या चाचण्या झाल्या. २०१८ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १४ देशांतील १,८१७ स्त्रियांवर झालेले ३१ अभ्यास एकत्र करून पाहिले. खोकताना किंवा शिंकताना लघवी निसटणाऱ्या ज्या बायकांनी हे व्यायाम केले, त्यांच्यातील ५६ टक्के जणींनी आपण बऱ्या झालो असे सांगितले. ज्यांना उपचार मिळाला नव्हता किंवा नुसता नावापुरता मिळाला होता, त्यांच्यात हे प्रमाण ६ टक्के होते. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये अशा त्रासावर ऑपरेशनच्या आधी किमान तीन महिने तज्ज्ञाच्या देखरेखीखाली व्यायाम, असाच क्रम दिला आहे. फ्रान्समध्ये बाळंतपणानंतर या स्नायूंच्या उपचाराचा खर्च सरकारी आरोग्य विम्यातून मिळतो. तिथे बाळंतिणीला हे सांगितले जाते. आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू मिळतात, पोट घट्ट बांधून मिळते, चिल्ल्याचे चाळीस दिवस पुरे झाले की नहाण होते आणि दुसऱ्या दिवशी ती पाण्याचा हंडा उचलते. लाडू चांगलेच असतात. पण पोट बांधल्याने त्या तळाच्या झोळीला बळ येत नाही, आणि तिची चौकशी तर त्या चाळीस दिवसांत कोणीच केलेली नसते.

आता उपचारात काय होते ते सांगते, कारण बायका सर्वांत जास्त घाबरतात त्या ‘तिथे गेल्यावर माझे काय करतील’ याला.

पहिल्या भेटीचा बराचसा वेळ बोलण्यात जातो. किती बाळंतपणे झाली, टाके पडले होते का, लघवी कधी निसटते, रात्री किती वेळा उठावे लागते, पोट साफ होते का, साखर आहे का, कोणती औषधे चालू आहेत. हे प्रश्न इतक्या सरळ आवाजात विचारले जातात की दहा मिनिटांत आपलाही संकोच कमी होतो. बहुधा दोन-तीन दिवसांची एक नोंदवही लिहायला सांगतात. किती पाणी-चहा प्यायला, किती वाजता लघवीला गेला, केव्हा निसटली. मग उभे राहण्याची ढब, श्वास, पोटाचे स्नायू, कंबर पाहतात. खोकून दाखवायला सांगतात.

त्यानंतर स्नायूंची ताकद पाहायची असते. याची नेमकी पद्धत म्हणजे हातमोजा घालून एका बोटाने योनीतून केलेली तपासणी. ‘आत घ्या, वर ओढा, आता सोडा’ असे सांगून थेरपिस्ट स्नायूला ० ते ५ असे गुण देते. शरीर चादरीने झाकलेले असते, दार बंद असते. ही तपासणी तुमच्या परवानगीशिवाय होत नाही, होता कामा नये. नको असेल तर नाही म्हणा, अर्ध्यात थांबवावीशी वाटली तर थांबवा. सोबत बहीण किंवा आई बसवून घ्या. अविवाहित मुलींची आतून तपासणी करत नाहीत. ज्यांना ती नको असते त्यांच्यासाठी बाहेरून हात ठेवून किंवा पोटावरून सोनोग्राफी करून स्नायूची हालचाल पाहता येते. रमजानमध्ये भेट येत असेल तर तारीख पुढे-मागे करून घ्या, त्यात संकोच कसला?

ही तपासणी का हवी, याचे कारण साधे आहे. मोबाईलवर व्हिडिओ पाहून व्यायाम करणाऱ्या पुष्कळ बायका तो उलटा करतात. आत ओढायच्या ऐवजी शौचाला बसल्यासारखा खाली जोर देतात, किंवा नुसते पोट आणि मांड्या आवळतात. असा व्यायाम वर्षभर केला तरी गुण येत नाही, उलट त्रास वाढू शकतो. बरोबर आकुंचन म्हणजे वायू आणि लघवी एकाच वेळी अडवल्यासारखे करून ती झोळी आत आणि वर उचलणे, आणि मग पूर्ण सैल सोडणे. श्वास रोखायचा नाही, मांड्या-कुल्ले आवळायचे नाहीत. सोडणे हा व्यायामाचा अर्धा भाग आहे. लघवी करताना मध्येच धार थांबवून हा व्यायाम रोज करू नये, त्याने मूत्राशय नीट रिकामे होण्यात अडथळा येतो.

साधारणपणे एका वेळी किमान ८ आकुंचने, दिवसातून ३ वेळा, किमान ३ महिने असा क्रम सांगितला जातो. काही आकुंचने सावकाश धरून ठेवायची, काही झटपट. किती सेकंद धरायचे हे तुमच्या स्नायूची ताकद पाहून थेरपिस्ट ठरवते. आठवड्यात फरक दिसेल अशी आशा ठेवू नका. काही आठवड्यांनी आधी शिंकेला निसटणे कमी होते, मग हळूहळू बाकीचे. पाच नमाजांचे वेळापत्रक ज्यांच्या घरात आहे त्यांना आठवण ठेवायला घड्याळ लागू नये. फजर, असर आणि इशा अशा तीन नमाजांचा सलाम फिरवून झाला, दुआ झाली, की जानमाज गुंडाळण्यापूर्वी व्यायाम करता येतो.

नमाज हाच सर्वांत मोठा व्यायाम आहे, त्याने सगळे स्नायू आपोआप बळकट होतात, असे लेख आणि संदेश आपल्याकडे फिरत असतात. मला ते पटत नाही. नमाज इबादत आहे, तिला व्यायामशाळेचे प्रमाणपत्र लागत नाही. आणि आयुष्यभर पाच वेळा नमाज पढणाऱ्या बाईची लघवी सजद्यात निसटत असेल, तर असा संदेश वाचून तिला वाटणार की आपल्याच इबादतीत काही कमी आहे. तिच्या दुखण्यात अपराधीपणाची भर घालू नका.

व्यायामाखेरीज आणखी काही गोष्टी शिकवतात. शिंक किंवा खोकला येण्याच्या क्षणभर आधी स्नायू आवळायचा, तसाच सजद्यातून उठताना आणि बादली उचलताना. ही एक युक्ती जमली की पुष्कळ जणींना लगेच धीर येतो. ज्यांना घाई होते त्यांना लघवीच्या वेळा थोड्या थोड्या लांबवत मूत्राशयाला सवय लावायला शिकवतात. कमोडवर शौचाला बसताना पायाखाली छोटे स्टूल घेऊन गुडघे वर ठेवायला सांगतात, म्हणजे कुंथावे लागत नाही. चहा कमी करायला सांगतात. पाणी मात्र बंद करू नका. शाळेतल्या स्वच्छतागृहांची अवस्था पाहून आम्ही शिक्षिका सकाळपासून घोटभर पाण्यावर राहतो आणि त्याला शिस्त समजतो. त्याने लघवी घट्ट होते, मूत्राशयाची जळजळ आणि घाई वाढते, संसर्गाला वाट मिळते. ज्यांना आकुंचन अजिबात जमत नाही त्यांच्यासाठी सौम्य विजेची यंत्रे किंवा आकुंचन पडद्यावर दाखवणारी उपकरणे वापरतात. अंग बाहेर येत असेल तर व्यायामाबरोबर योनीत बसवायची रिंगही असते, ती स्त्रीरोगतज्ज्ञ मापाने बसवून देतात.

ज्यांचे स्नायू आवळलेले आहेत त्यांचा उपचार वेगळा असतो. तिथे आवळण्याचा व्यायाम दिला तर वेदना वाढू शकते. त्यांना पोटातून खोल श्वास घेणे, स्नायू सैल सोडणे, हाताने हळुवार ताण काढणे शिकवतात, आणि पुढे तिच्या वेगाने, तिच्या हाताने लहानापासून मोठ्या आकाराच्या नळ्या वापरायला देतात. लग्नाला दोन-तीन वर्षे झाली, संबंध जमत नाही, आणि घरात कोणी बाबाकडून तावीज आणतो, कोणी मुलीला नखरेल ठरवतो, कोणी तलाक सुचवतो. त्या मुलीच्या शरीरातला एक स्नायू भीतीने घट्ट झालेला असतो. तलाकचा शब्द तोंडातून काढण्यापूर्वी त्या दोघांनी तज्ज्ञ डॉक्टर आणि थेरपिस्टकडे जावे, एवढे तरी आपण घरातली मोठी माणसे म्हणून सांगू शकतो.

आता शरम आणि हया. हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण त्यांच्यात फरक करायला हवा. हया हा ईमानचा भाग मानला जातो. ती आपल्याला वाईट कृत्यापासून रोखते. जी लाज इलाजापासून, ज्ञानापासून रोखते, तिला हयाचा दर्जा का द्यायचा? फातिमा बिन्ते अबी हुबैश या सहाबियांना पाळीखेरीज सतत रक्तस्राव होत असे. त्यांनी थेट पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांना विचारले, की मी नमाज सोडू का. त्यांना उत्तर मिळाले की ही पाळी नव्हे, एका शिरेचे रक्त आहे, आणि नमाज सोडायची नाही. एका बाईने आपल्या शरीराची तक्रार मोकळेपणाने विचारली म्हणून पुढच्या सगळ्या बायकांसाठी मसला स्पष्ट झाला. ज्यांचा स्राव थांबतच नाही अशा ‘माजूर’ माणसांसाठी फिकहमध्ये सवलती आहेत. हनफी आणि शाफई मसलकांत त्यांचे तपशील थोडे वेगळे आहेत, आणि कधीतरीच निसटणाऱ्या लघवीचा मसला पुन्हा वेगळा आहे. तो आपल्या आलिमांना विचारून घ्यावा. घरच्या आलिमाच्या पत्नीमार्फतही विचारता येतो. इलाजाच्या गरजेपुरता देह तपासू देण्याची सवलत शरीअत देते, स्त्री तज्ज्ञ मिळत असेल तर तिच्याकडे जावे असेही सांगते. या उपचारात स्त्री थेरपिस्ट मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे ती अडचणही सहसा येत नाही.

सवलत मिळाली म्हणून इलाज सोडून द्यायचा, असेही करू नये. सवलत नमाजेसाठी आहे. जिना चढण्यासाठी, प्रवासासाठी, नातवाला उचलण्यासाठी शरीर बरेच व्हायला हवे.

जाण्यापूर्वी काही गोष्टी पाहून घ्या. लघवीत रक्त, जळजळीबरोबर ताप, लघवी अडकणे, किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसण्याच्या जागेला अचानक बधिरता येणे अशी लक्षणे असतील तर व्यायामाच्या मागे न लागता ताबडतोब डॉक्टर गाठा. बाकी त्रासासाठी आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून संसर्ग, साखर तपासून घेणे चांगले. सगळ्याच फिजिओथेरपिस्टना या कामाचे वेगळे प्रशिक्षण नसते. म्हणून फोनवरच विचारा: ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा उपचार तुम्ही करता का, त्याचे शिक्षण घेतले आहे का, राज्य परिषदेकडे नोंदणी आहे का, तपासणी स्त्री करणार का. फिजिओथेरपी महाविद्यालयांच्या रुग्णालयांत खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी असतो. आणि ‘पिशवी काढून टाका, सगळे संपेल’ असे कोणी सांगितले तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून राज्यभर चर्चा झाली होती, सरकारला समिती नेमावी लागली होती. गर्भाशय काढल्याने लघवी निसटणे थांबत नाही. तो स्नायू तिथेच राहतो, तितकाच कमजोर.

खुर्चीवर नमाज पढणाऱ्या त्या शिक्षिका शेवटी एका डॉक्टर भाचीच्या आग्रहाने गेल्या. चार महिन्यांनी त्या पुन्हा जमिनीवर सजदा करू लागल्या. अजून जोरात खोकला आला तर कधीतरी थेंब येतो, हेही त्यांनी सांगितले. दर वेळी शंभर टक्के गुण येतोच असे नाही. काहींना पुढे ऑपरेशन लागतेही. पण त्या आता भाचीशी, बहिणीशी आणि माझ्याशीही याविषयी बोलतात.

मला मशिदींच्या कमिट्यांना आणि महिलांचे इज्तिमा भरवणाऱ्या भगिनींना एक विनंती करायची आहे. वर्षातून एक दिवस अर्धा तास एखाद्या स्त्री फिजिओथेरपिस्टला बोलवा. वजू आणि तहारतचे मसले आपण तिथे शिकवतोच, त्याच बैठकीत हेही शिकवता येईल. पुरुषांनीही एवढे करावे: बायको थेरपिस्टकडे जाईल त्या तासाभरासाठी मूल सांभाळावे, आणि ती परत आली की ‘काय केले तिथे’ असे खोदून विचारू नये. सासवांनी सुनेच्या चिल्ल्यात लाडवांबरोबर एक प्रश्न विचारावा: बेटा, खोकताना लघवी निसटते का?